बिजागरीला उगाच बदनाम करू नका

घडीची सायकल म्हणजे घर ते स्टेशन एवढ्यापुरतीच. तिच्यावर दोनशे-तीनशे किलोमीटर जाणं म्हणजे बिजागरीवर जीव टांगणं, असा समज मुरलेल्या सायकलवाल्यांमध्येही आहे. जिथे दुमडते तिथेच तुटणार, हे वरवर पटतंही. पण फ्रेम सहसा एका दणक्यात मोडत नाही. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा धातू थकतो आणि ताण जिथे एकवटतो तिथे तडा जातो. बिजागरीजवळचा वेल्ड ही तशी एक जागा आहेच, पण बनवणाऱ्यालाही ते ठाऊक असल्यामुळे तिथे धातू जाड असतो. लहान चाकांमुळे उंच ठेवावे लागणारे सीटपोस्ट आणि हँडलपोस्ट मात्र तरफेसारखे खालच्या सांध्यांवर जोर देत राहतात, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. घडीच्या सायकली बनवणाऱ्या लंडनच्या ब्रॉम्प्टन कंपनीने 2017 मध्ये हजारो सायकली परत मागवल्या, त्या बिजागरीपायी नव्हे. बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे पेडलच्या दांड्यांमधला, आस तुटण्याचा धोका होता म्हणून. तो भाग तर न दुमडणाऱ्या सायकलीतही असतो.

लांब पल्ल्यासाठी खरा प्रश्न धातूचा. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली राहिला तर ते जवळजवळ अमर्याद फेरे सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, त्याचं आयुष्य हळूहळू खर्च होत असतं. म्हणून काही ॲल्युमिनियमची घडीची सायकल टाकाऊ ठरत नाही, पण सामान लादून वर्षानुवर्षं फिरायचं असेल तर पोलादी फ्रेम घ्यावी. अमेरिकेतल्या युजीन शहरात तयार होणारी बाइक फ्रायडे ही अशीच पोलादी घडीची सायकल; ती सुटकेसमध्ये मावते आणि तिचा मुख्य उपयोगच प्रवासाचा आहे.

लहान चाक खड्ड्यात जास्त बुडतं, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि आपल्या रस्त्यांवर तर दुप्पट खरा. त्यावर उपाय म्हणजे रुंद टायर आणि उतारावर आवरलेला वेग. वेळेचं म्हणाल तर दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब फेरी) साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरही पडत नाहीत. तेवढं सोळा इंची चाकावर जमतं.

राहता राहिली देखभाल, आणि इथे घडीची सायकल खरोखर जास्त मागते. प्रत्येक लांब फेरीनंतर बिजागरी पुसून वेल्डच्या कडेने नजर फिरवावी. रंगात केसाएवढी रेघ किंवा तिथून ओघळलेला गंज दिसला तर सायकल चालवू नये. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवावं. खडखड झाली तर बहुधा हँडलपोस्टचा क्लॅम्प सैल आहे किंवा झिजला आहे. वजनाची मर्यादा (ब्रॉम्प्टनला 110 किलो) सामान धरून असते, हे विक्रेते क्वचितच सांगतात. नव्वद किलोच्या माणसाला मागे पंचवीस किलोचं ओझं बांधून कन्याकुमारीला जायचं असेल, तर मर्यादा घरून निघतानाच ओलांडलेली असते. पुढे फ्रेमला तडा गेला तर त्यात बिजागरीचा काय दोष?