आलिशान एसयूव्हीची प्रतीक्षा : कराराची सवलत आणि म्हैसूरचा कर

म्हैसूर : भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी झाली आणि आलिशान मोटार घेऊ इच्छिणाऱ्यांमध्ये एकच प्रश्न चर्चेत आला : गाडी आता घ्यावी की थांबावे? युरोपात तयार झालेल्या मोटारींवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने ११० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत खाली येणार, हा या करारातील सर्वाधिक गाजलेला तपशील. नव्या एसयूव्हीची वाट पाहणाऱ्यांना त्यातून मोठ्या स्वस्ताईचे आश्वासन मिळाल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र गाडी कोणत्या कारखान्यात बनते, कशावर चालते आणि कोणत्या राज्यात नोंदवली जाते, या तीन बाबी तपासल्या की हे आश्वासन फार थोड्या ग्राहकांपुरते उरते.

हा हिशेब मांडण्यासाठी म्हैसूर हे शहर सोयीचे आहे. बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गामुळे येथील मोठ्या गाड्यांचा वापर बदलला आहे आणि कर्नाटकाचा मोटार वाहन कर देशातील सर्वांत चढ्या करांपैकी एक आहे. म्हैसूरच्या महाराजांनी रोल्स-रॉइस गाड्या एकेका वेळी सातच्या संख्येने मागवल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. आजचा खरेदीदार मात्र डॉक्टर, उद्योजक, कॉफीचा बागायतदार किंवा माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील वरिष्ठ कर्मचारी असतो आणि बहुधा बँकेच्या कर्जावर एकच गाडी घेतो. चुकलेल्या निर्णयाची किंमत त्याला पुढील पाच-सात वर्षे हप्त्यांतून फेडावी लागते.

करारात काय आहे, काय नाही

करारातील शुल्ककपात वर्षाला अडीच लाख मोटारींच्या कोट्यापुरती आहे. ती एका दिवसात लागू होणार नाही. करार अमलात येण्यापूर्वी त्याची कायदेशीर छाननी, स्वाक्षरी आणि युरोपीय संसदेची मंजुरी हे टप्पे पार पडावे लागतील. विजेवर चालणाऱ्या मोटारींना पहिली पाच वर्षे सवलत मिळणार नाही. सुट्या भागांवरील शुल्क पाच ते दहा वर्षांत संपुष्टात येईल.

या सवलतीचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे साध्या उदाहरणाने कळते. बंदरात ४० लाख रुपयांना उतरणारी पेट्रोल एसयूव्ही घेऊ. ११० टक्के शुल्क लावल्यावर तिची किंमत ८४ लाख होते आणि त्यावर ४० टक्के जीएसटी धरल्यास १ कोटी १७ लाख ६० हजार. शुल्क १० टक्क्यांवर आले तर हाच आकडा ६१ लाख ६० हजारांवर येतो. कंपनी व विक्रेत्याचा नफा यात धरलेला नाही. फरक मोठा आहे, पण तो सर्व टप्पे पूर्ण झाल्यावरचा आहे आणि संपूर्ण तयार अवस्थेत आयात होणाऱ्या गाडीपुरताच आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक आलिशान एसयूव्ही या वर्गात मोडतच नाहीत. मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांची जोडणी चाकणला होते, ऑडी आणि स्कोडाची छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे, बीएमडब्ल्यूची चेन्नईजवळ, तर व्होल्व्होची बंगळुरूजवळच्या होसकोटे येथे. सुट्या भागांच्या संचांवर येणारे शुल्क संपूर्ण गाडीवरील शुल्काच्या तुलनेत आधीच फार कमी आहे. त्यामुळे चाकण किंवा चेन्नईत जोडलेली गाडी करारामुळे निम्म्या किमतीत मिळेल, या अपेक्षेला आधार नाही.

देशांतर्गत जोडणीचा परिणाम किती असतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. टाटा समूहाच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने मे २०२४ मध्ये रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जोडणी पुण्यात करण्याचे जाहीर केले आणि त्यांच्या किमती १८ ते २२ टक्क्यांनी खाली आल्या. त्यासाठी कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची गरज पडली नव्हती.

बोधचिन्ह आणि जन्मगाव

करारातील सवलत ब्रँडच्या राष्ट्रीयत्वावर ठरत नाही, गाडी कोठे बनली यावर ठरते. हा भेद अनेक खरेदीदारांच्या लक्षात येत नाही. लँड रोव्हर डिफेंडर हे नाव ब्रिटिश, पण ती तयार होते स्लोव्हाकियातील नित्रा येथे. ब्रिटनबरोबरचा व्यापार करार २४ जुलै २०२५ रोजी झाला असला, तरी डिफेंडरचा संबंध युरोपीय संघाच्या कराराशी येतो. उलट बीएमडब्ल्यूच्या मोठ्या एसयूव्हींचे जागतिक उत्पादन अमेरिकेतील स्पार्टनबर्ग येथे आणि मर्सिडीजच्या जीएलई व जीएलएस यांचे अलाबामात होते. बोधचिन्ह जर्मन असले, तरी अमेरिकेत बनलेल्या गाडीला युरोपीय करार लागू होत नाही.

टेस्लाचे उदाहरणही बोलके आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईत दाखल झालेल्या मॉडेल वायची किंमत ५९ लाख ८९ हजार रुपयांपासून सुरू झाली. शांघायच्या कारखान्यातून येणारी ही गाडी यापैकी कोणत्याच करारात बसत नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत बीएमडब्ल्यूने चेन्नईत जोडलेली विजेवरील आयएक्स१ लाँग व्हीलबेस ४९ लाख रुपयांना बाजारात आणली होती. दोन्ही गाड्या आकार, पल्ला आणि शक्तीने सारख्या नाहीत. पण आयातीचा आणि स्थानिक जोडणीचा किमतीवर होणारा परिणाम त्यांतून दिसतो.

जीएसटीची सूट, राज्याचा वाटा

ग्राहकांना प्रत्यक्ष मिळालेला दिलासा २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या जीएसटी फेररचनेचा होता. मोठ्या एसयूव्हींवर तोपर्यंत २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर, असा एकूण ५० टक्के भार होता. त्याऐवजी सरसकट ४० टक्के दर आला. मूळ १०० रुपयांची गाडी १५० ऐवजी १४० रुपयांना पडू लागली. म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने सुमारे पावणेसात टक्क्यांची घट. म्हैसूरच्या वाटेवरील बिडदी येथे तयार होणाऱ्या टोयोटा फॉर्च्युनरची किंमत तेव्हा कमाल ३ लाख ४९ हजार रुपयांनी उतरली. त्यानंतर युरो शंभर रुपयांच्या वर राहिल्याने जर्मन कंपन्यांनी जानेवारी २०२६ पासून किमती पुन्हा वाढवल्या. कराची सवलत आणि चलनाचा दर हे विरुद्ध दिशांना ओढत असतात, हे थांबणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

शोरूमच्या किमतीनंतर राज्याचा कर सुरू होतो. कर्नाटकात २० लाखांपेक्षा महाग खासगी मोटारीवर १८ टक्के आजीवन कर आणि त्या कराच्या रकमेवर ११ टक्के अधिभार आहे. एक कोटी रुपयांच्या पेट्रोल एसयूव्हीसाठी हा भार १९ लाख ९८ हजार रुपये होतो. त्या एक कोटीत जीएसटीचे २८ लाख ५७ हजार आधीच दडलेले असतात. विमा वगळता ग्राहक जवळपास एक कोटी वीस लाख देतो आणि त्यातील सुमारे ४८ लाख ५५ हजार, म्हणजे चाळीस टक्के रक्कम, केवळ या दोन करांची असते. दहा लाखांवरील मोटारीसाठी एक टक्का टीसीएसही भरावा लागतो. तो मात्र प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

हीच गाडी पुण्यात किंवा कोल्हापुरात व्यक्तीच्या नावे नोंदवली, तर पेट्रोलसाठी १३ टक्के आणि डिझेलसाठी १५ टक्के कर लागतो. पेट्रोल गाडीत म्हैसूर आणि कोल्हापूर यांतील अंतर सात लाखांच्या आसपास जाते. महाराष्ट्राने १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तिचा फटका त्याहून बऱ्याच महागड्या गाड्यांना बसतो.

या फरकामुळे नातेवाइकाच्या पत्त्यावर शेजारच्या राज्यात नोंदणी करण्याचा मोह होतो. त्यात कायद्याचा अडथळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनाची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या परिवहन विभागाने बंगळुरूत परराज्यांतील क्रमांकाच्या आलिशान गाड्यांवर धडक कारवाई करून अनेक गाड्या जप्त केल्या. बदलीच्या नोकरीतील पात्र कर्मचाऱ्यांसाठी २०२१ पासून बीएच मालिकेची सोय आहे. तीत २० लाखांवरील पेट्रोल गाडीचा दर १२ टक्के असून कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरता येतो. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त म्हैसुरात आलेल्यांनी आपली संस्था त्यास पात्र आहे का, हे बुकिंगपूर्वीच पाहावे.

विजेच्या गाडीचे गणित

विजेवरील मोटारींवर जीएसटी ५ टक्केच आहे. एक कोटीच्या विजेवरील एसयूव्हीत जीएसटीचा वाटा ४ लाख ७६ हजार रुपये येतो. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरील विजेच्या गाड्यांची करमाफी काढून १० टक्के आजीवन कर लावला. तो धरूनही तितक्याच किमतीच्या पेट्रोल गाडीपेक्षा नोंदणीच्या वेळी सुमारे दहा लाख रुपये कमी जातात. महाराष्ट्रात ३० लाखांवरील विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कराचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात होता. टीकेनंतर तो मागे घेण्यात आला. राज्यांची करमाफी कायमची नसते, हा धडा दोन्ही घटनांतून मिळतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात मांडल्या गेलेल्या दोन गाड्यांकडे भारतीय ग्राहकांचे विशेष लक्ष आहे. बीएमडब्ल्यूची नवी आयएक्स३ हंगेरीतील देब्रेत्सेन येथे बनते. युरोपीय मापनानुसार तिचा कमाल पल्ला ८०५ किलोमीटर आहे. मर्सिडीजच्या विजेवरील जीएलसीचा पल्ला त्याच मापनानुसार ७१३ किलोमीटर आहे. दोन्हींची विद्युत प्रणाली ८०० व्होल्टची असल्याने चार्जिंग फार वेगाने होते, अर्थात तेवढ्या क्षमतेचे केंद्र उपलब्ध असेल तरच.

करार होईपर्यंत थांबून या गाड्या स्वस्तात घेऊ, असा विचार करणाऱ्यांनी येथे सावध राहावे. विजेच्या गाड्यांना पहिली पाच वर्षे शुल्कसवलत नाही. त्यांची भारतातील किंमत करारापेक्षा स्थानिक जोडणीच्या निर्णयावर अधिक ठरेल. त्यामुळे सादरीकरणाच्या दिवशी विचारायचा पहिला प्रश्न पल्ल्याचा नसून जोडणी कोठे होणार, हा आहे.

रस्ता आणि गरज

तुलना करताना माहितीपत्रकातील आकडे रोजच्या रस्त्याशी ताडून पाहावेत. १२ मार्च २०२३ रोजी लोकार्पण झालेला सुमारे ११९ किलोमीटरचा बंगळुरू-म्हैसूर मार्ग हा पूर्वीचा तीन तासांचा प्रवास सव्वा ते दीड तासावर आणतो. वाढत्या अपघातांनंतर येथे मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा घालण्यात आली, १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गिकांवर दुचाकी व रिक्षांना मनाई झाली आणि वेगावर कॅमेऱ्यांची नजर आली. चार सेकंदांत शंभरचा वेग गाठणाऱ्या गाडीला या मार्गावर पुढे काही करायचे उरत नाही. ब्रेक, टायर, मार्गिका सांभाळणारी यंत्रणा आणि मागच्या आसनांची सुरक्षितता यांना तेथे अधिक मोल आहे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली भारत एनकॅप चाचणी ऐच्छिक असल्याने अनेक आलिशान गाड्यांची भारतीय श्रेणी उपलब्ध नसते. अशा वेळी युरोपीय चाचणीचा निकाल पाहावा आणि चाचणीतील गाडीची सुरक्षा साधने भारतीय आवृत्तीत आहेत का, हे तपासावे.

म्हैसूरहून दुसऱ्या बाजूला मडिकेरीचा घाट, कॉफीच्या मळ्यांतील कच्चे रस्ते आणि बंदीपूरमार्गे उटी आहे. बंदीपूरच्या जंगलातील रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. विजेच्या गाडीने जाताना चार्जिंगला लागणारा वेळ या बंदीशी जुळवून घ्यावा लागतो. घाट चढताना पल्ला झपाट्याने घटतो, उतरताना काही वीज परत मिळते. मळ्यात नियमित जाणाऱ्याला जमिनीपासूनची उंची आणि चारही चाकांना मिळणारी शक्ती उपयोगाची. शहर आणि बंगळुरू एवढ्यातच फिरणाऱ्याला त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. ज्या ब्रँडचे अधिकृत सेवा केंद्र म्हैसुरात नाही, त्याच्या प्रत्येक दुरुस्तीसाठी बंगळुरूची फेरी आणि एक कामाचा दिवस धरावा लागेल.

कोणी थांबावे

संपूर्ण आयात होणारी, युरोपात बनलेली पेट्रोल किंवा डिझेल एसयूव्ही ज्यांना हवी आहे आणि ज्यांची सध्याची गाडी आणखी दोन-तीन वर्षे चालणार आहे, त्यांना थांबण्यात अर्थ आहे. देशात जोडलेली गाडी घेणाऱ्यांसाठी करार हे थांबण्याचे कारण नाही. नवी पिढी सहा महिन्यांत येणार असेल तर जुन्या साठ्यावरील सूट आणि पुढे विकताना होणारी घट यांची बेरीज-वजाबाकी करणे पुरे. विजेच्या गाडीकडे वळणाऱ्यांनी राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पावर लक्ष ठेवावे.

केंद्राने जीएसटीत दिलेली पावणेसात टक्क्यांची सूट आणि कर्नाटकाचा वीस टक्क्यांचा भार शेजारी ठेवले की धोरणातील विसंगतीही दिसते. आंतरराष्ट्रीय करारांतून आयात शुल्क उतरत जाईल, तसा मोटारीच्या एकूण करात राज्यांचा वाटा अधिक ठळक होईल. जप्तीची कारवाई तात्पुरती जरब बसवते. शेजारच्या राज्यांच्या दरांत सात-सात लाखांचे अंतर असेपर्यंत नोंदणीची पळवाट शोधली जाणारच. म्हैसूरच्या ग्राहकाने आज शोरूममध्ये मागायचा कागद म्हणूनच सवलतींच्या जाहिरातीचा नसावा. आजीवन कर, अधिभार, टीसीएस आणि विमा वेगवेगळे दाखवणारे ऑन-रोड किमतीचे लेखी कोटेशन मागावे. प्रतीक्षेचा निर्णय त्या कागदावरच्या आकड्यांवर घ्यावा.