विस्ताराचा निधी मृगाआधी हवा

जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाजनातील पारंपरिक ‘कोरगुट’ भातातून ‘गोवा धान-1’ हे क्षार सहन करणारे वाण निवडले. परंतु मांडवीकाठच्या नार्वे गावातील शेतकऱ्याला वाणासोबत बांधावरचे मार्गदर्शनही हवे. त्यासाठीच्या ‘आत्मा’ योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के, तर राज्याचा 40 टक्के असतो. वाटा अडला की काय होते, ते अमेरिकेत दिसले. 1890च्या कायद्याखालील कृष्णवर्णीयांच्या कृषी महाविद्यालयांना अनेक राज्यांनी आपला हिस्सा पूर्ण दिला नाही आणि त्यांचे विस्तारकार्य तोकडे राहिले. गोव्याने यातून एवढेच शिकावे, की राज्याचा वाटा पेरणीपूर्वी पोहोचला पाहिजे. मृग सरल्यावर आलेला पैसा हिशेबात दिसतो, शेतात नव्हे.