हातभट्टीवाला : हात कुणाचा?

चिंचवडला 2018 साली पोलीस आयुक्तालय झालं. तिथून एमपीडीएचा कागद निघाला की माणूस वर्षभरापर्यंत आत, खटल्याबिगर. कायदा 1981 चा. इंग्रजीत त्याच्यात शब्द आहे 'बूटलेगर', म्हणजे मुळात बुटात बाटली लपवणारा. व्याख्या वाचा. दारू गाळणारा त्यात येतो, विकणारा येतो, गाडी पुरवणारा येतो, जाणूनबुजून पैसा लावणाराही येतो. मराठी नावात मात्र सगळ्यांचं मिळून एकच झालं : 'हातभट्टीवाले'. पैसेवाला शब्दातूनच पसार! डोळ्यापुढं उभी राहते ती ओढ्याकाठी काळा गूळ, नवसागर घालून धुरात डोळे जाळणारी आपली बाई. (स्लमलॉर्डचाही मराठीत 'झोपडपट्टी गुंड' झालाय. लॉर्ड गेला, झोपडपट्टी राहिली.)

मी गोदीत माल वाहतो. तिथं कागदावर मालकाचं नाव असतं, हमालाचं नसतं. इथं नेमकं उलटं.

2015 साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलनं. मिथेनॉल गुळातून गाळत नाहीत, ते कारखान्याचं रसायन.

दारूनं आपली घरं धुवून नेली, तिची वकिली मी करत नाही. पण वस्तीत धाड पडली की साहेबाला एवढं विचारा : गाडीवाल्याला काय म्हणता? अन् पैसा लावणाऱ्याला?