ज्याला वापरायचं आहे, त्याला विचारा

‘लिनक्स आपल्या लोकांना झेपणार नाही.’ चंद्रपूर-गडचिरोलीत हे वाक्य मी संगणक विकणाऱ्या दुकानदाराकडून ऐकतो, शाळांसाठी खरेदी ठरवणाऱ्या साहेबांकडून ऐकतो, आणि ज्यांना ही मुक्त संगणकप्रणाली उत्तम येते अशा इंजिनिअर मंडळींकडूनही ऐकतो. हे वाक्य खोटं आहे. ‘तुझं नेमकं कुठं अडलं?’ हे समोर बसून विचारायचे कष्ट ज्यांनी एकदाही घेतले नाहीत, त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ते तयार केलं आहे.

आता तर गप्प बसायची सोयच उरलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्याकडच्या शाळांत आणि ग्रामसभांच्या खोल्यांत मी जी यंत्रं बघतो, त्यातली कितीतरी या चाळणीतून खाली पडतात. ती बिघडलेली नाहीत. चार जीबी रॅमवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती त्यांच्यावर आजही नीट चालते. म्हणजे दोनच वाटा उरतात, चालतं यंत्र भंगारात घाला किंवा लिनक्स टाका. लिनक्स टाकायचं तर ते नव्या माणसाला सोपं करायचं काम कोणाचं, हा माझा प्रश्न आहे.

एक उदाहरण अगदी जवळून सांगतो. कोरची तालुक्यातल्या एका ग्रामसभेत तेंदूपानांचा हिशोब संगणकावर घेणारी एक मुलगी आहे, बारावी झालेली. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, रोज कोणी किती पुडे टाकले, ते तिथे नोंद ठेवणाऱ्या मुंशीच्या वहीवरून लिब्रेऑफिसच्या तक्त्यात चढवायचं, म्हणजे कुणाची किती मजुरी निघते ते कळतं. तिने तक्ता भरला, वह्यांच्या पानांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवले आणि सगळं पेनड्राइव्हवर टाकलं. पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत भरली. तिने पेनड्राइव्ह काढला, पर्समध्ये घातला आणि ती बसने तालुक्याला गेली. तिथे उघडून बघते तर अर्धे फोटो नाहीत आणि तक्ता उघडतच नाही.

झालं काय होतं? वेग मिळावा म्हणून लिनक्स मजकूर आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत घेतं आणि पेनड्राइव्हवर मागाहून उतरवतं. पट्टी भरली म्हणजे मजकूर उतरला असं नसतं. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढायचं नाही, हे जाणकाराला पाठ असतं. तिथे आलेल्या जाणकाराने तिला ऐकवलं, ‘एवढंही माहीत नाही?’ तिचं उत्तर असं होतं : ‘भाऊ, काम झालं असं त्यानंच सांगतलं ना, मग मी काहून थांबू?’ आणि पुढे म्हणाली, मजकूर पूर्ण उतरेस्तोवर पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘काढू नका’ असं ठेवा, उतरला की ‘आता काढा’ असं दाखवा.

या पोरीने दोन वाक्यांत जे सांगितलं ते संगणकाच्या रचनेचं शहाणपण आहे. चूक तिची नव्हती. काम अर्धवट असताना ‘झालं’ म्हणणाऱ्या पट्टीची होती. तरी बोलणी तिला खावी लागली आणि तिची सूचना कोणी टिपून घेतली नाही. माझा संताप इथे आहे. नवख्या माणसाची तक्रार हाच सुधारणेचा कच्चा माल असतो आणि आपण तो रोज फेकून देतो.

लिनक्सवाल्यांनी आपला स्वतःचा इतिहास तरी आठवावा. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टॉरवॉल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याने मिनिक्स ही प्रणाली वापरणाऱ्यांना विचारलं होतं की तुम्हाला त्यातलं काय आवडतं, काय आवडत नाही आणि आणखी काय हवं. पहिल्याच जाहीर निरोपात सूचना मागून जन्मलेली ही गोष्ट आहे. २००१ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपपुढे बारा माणसं बसवली, त्यांना साधी कामं दिली आणि ती कुठे अडखळतात ते बघून अहवाल लिहिला. फक्त बारा माणसं! पुढच्या वर्षी आलेलं ग्नोम २ आधीपेक्षा कितीतरी सुटसुटीत होतं. २००९ साली उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराने ‘हंड्रेड पेपरकट्स’ नावाची मोहीम काढली. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बोचणाऱ्या, पण दुरुस्त करायला सोप्या अशा शंभर बारीक खोडी शोधून काढायच्या, असा तिचा हेतू होता. पेनड्राइव्हच्या पट्टीसारख्या गोष्टींना अशाच मोहिमेत जागा मिळते. मोठमोठ्या घोषणा करणाऱ्यांना त्या दिसतही नाहीत.

याच्या उलट काय होतं तेही याच घरात घडलं आहे. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि लोकांच्या हाताखालची ओळखीची रचना रातोरात बदलली. वापरणारे ओरडत राहिले, करणारे आपल्या कल्पनेवर ठाम राहिले. लिनक्स मिंटने मात्र लोकांचं ऐकलं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, बंद करायचं बटण जिथे असायचं तिथेच, अशी रचना जपत त्यांनी ‘माते’ (MATE) या डेस्कटॉपला आधार दिला आणि सिनॅमन हा स्वतःचा डेस्कटॉप उभा केला. आज कोणी नवा माणूस आला की बहुतेक जण त्याला मिंटच सुचवतात.

सूचना मागवणं म्हणजे मतदान घेणं, असा एक गोड गैरसमज आहे. २००८ मध्ये ‘उबुंटू ब्रेनस्टॉर्म’ सुरू झालं. कोणीही कल्पना मांडावी, बाकीच्यांनी मतं द्यावीत. २०१३ मध्ये ते बंद झालं. मला त्यात मूळचीच खोट दिसते. मत द्यायला तोच येतो, ज्याचं यंत्र चालू आहे, ज्याला इंग्रजी येतं आणि ज्याच्याकडे वेळ आहे. जो पहिल्या पायरीवर अडला, तो मतदानाला पोचतच नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाने हे फार आधी ओळखलं होतं. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असेल तर चर्चा चालू राहते. अभ्यासगटात बसून विषय समजून घेतला जातो. याच रीतीने चालत त्या गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं. ज्या जिल्ह्यात शेवटच्या माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय न घेणारं गाव आहे, त्या जिल्ह्यातल्या माणसांना ‘तुम्हाला झेपणार नाही’ म्हणायचं?

दुसरा दाखला गडचिरोलीतल्याच ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये काम सुरू केलं. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, अशी उत्तरं आली. मग शोधग्राम या त्यांच्या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला गेला, नातेवाइकांच्या राहण्याची सोय झाली आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी या देवीचं. लोक अडाणी आहेत म्हणून येत नाहीत, असा निकाल देऊन त्यांनाही मोकळं होता आलं असतं. बंगांनी इमारत बदलली. संगणकवाल्यांना पडद्यावरचा मेनू बदलायला जड जातं!

आता सरकारकडे वळतो. एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम २००२ पासून चालू आहे. शासकीय लिपिकपदासाठी त्याचं किंवा समकक्ष प्रमाणपत्र लागतं, म्हणून आमच्याकडची पोरं मजुरीच्या पैशातून फी भरतात. तिथे हाताला सवय लागते ती विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसची. एका कंपनीच्या मालाची सवय सरकारी नोकरीच्या दारात उभी करायची आणि मग म्हणायचं की लोकांना दुसरं जमत नाही. ही लबाडी आहे. याच राज्यात, पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं मुख्यालय आहे. सी-डॅकच्याच बॉस लिनक्सची पहिली आवृत्ती २००७ मध्ये निघाली. त्यात मराठी आहे. आमच्या किती तहसील कार्यालयांत ते दिसतं? आणि ते वापरून बघणाऱ्या कोणत्या लिपिकाला कोणी विचारलं, बाई, तुमचं कुठं अडतं?

केरळने विचारलं. तिथल्या शाळांत दहावीपर्यंतचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं. ‘काइट’ ही सरकारी संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली तयार करते आणि शिक्षकांना शिक्षकच शिकवतात. वर्गात काय अडलं ते ठाऊक असलेली माणसंच पुढच्या आवृत्तीच्या कामात असतात. २०१९ मध्ये अशी प्रणाली दोन लाखांहून जास्त शालेय संगणकांवर जात होती आणि परवान्यांचे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा काइटचा दावा होता. आकड्यावर कोणी वाद घालावा, पण मल्याळी पोराला जे झेपतं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या पोराला का झेपू नये, याचं उत्तर द्यावं.

मराठी टंकलेखनाचं उदाहरण घ्या. सिंदेवाहीकडचे एक गुरुजी मोबाइलवर रोमन अक्षरं दाबून झरझर मराठी लिहितात. संगणकावर लिनक्स टाकून दिल्यावर ते म्हणाले, ‘मोबाइलवर येते, तर हेच्यावर काहून नाही येत?’ येतं. पण त्यासाठी आयबस, एम१७एन अशी नावं शोधून ती बसवायची, लॉगआउट करायचं, परत यायचं आणि एक पद्धत निवडायची. इनस्क्रिप्ट हा कळफलक यादीत सहज सापडतो, पण गुरुजी तो कधी शिकलेलेच नाहीत. मराठी भाषा निवडली की टंकलेखनाच्या दोन्ही पद्धती आपोआप बसाव्यात आणि कोणती हवी ते पहिल्याच पडद्यावर विचारावं, एवढंच त्यांचं म्हणणं. हे करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. करणाऱ्यांपर्यंत गुरुजी पोचले नाहीत, एवढीच अडचण. जुन्या फाँटमधली परिपत्रकं वाचता येत नाहीत, ही तक्रार मात्र लिनक्सच्या माथी मारू नका. युनिकोड असताना आजही जो बिनयुनिकोड फाँटमध्ये पत्र पाठवतो, दोष त्याचा आहे.

आणि गोंडी? २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर होते. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. दोन्हींचे नोटो फाँट फुकट मिळतात. तरी उबुंटू बसवताना भाषांच्या यादीत गोंडी नाही. विंडोजमध्ये ती आणायची तर मायक्रोसॉफ्टची मर्जी लागेल. लिनक्समध्ये कोणाची परवानगी लागत नाही. एटापल्ली-भामरागडची दहा पोरं आणि त्यांच्यासोबत बसणारे दोन जाणकार एवढ्यावर सुरुवात होते. ती होत नाही, कारण जाणकार नागपूर-पुण्याहून यायला तयार नाहीत आणि पोरांना कोणी बोलावत नाही.

‘फुकट मिळतं, तर तक्रार कसली? हवं तर स्वतः दुरुस्त करा,’ असं सुनावणारे मला दरवेळी भेटतात. मुक्त सॉफ्टवेअर दुरुस्त करायचा हक्क प्रत्येकाला आहे, हे मला मान्य आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण मुंशीची वही संगणकात चढवणाऱ्या मुलीला सी भाषा शीक म्हणणं म्हणजे तिला दार दाखवणं आहे. तिने दोष दाखवला, उपाय सुचवला. तिचं योगदान तिने दिलं. पुढचं तुमचं काम आहे आणि ते तुम्ही केलेलं नाही.

माझी मागणी छोटी आहे. जिथे जिथे जुन्या यंत्रावर लिनक्स बसवाल, तिथे संगणकाशेजारी एक वही ठेवा. जे अडेल ते वापरणाऱ्याने आपल्या बोलीत लिहावं, झाडीबोलीत, माडियात, गोंडीत, लिहिता येत नसेल तर सांगून लिहून घ्यावं. गोंडवाना विद्यापीठाच्या, बल्लारपूर-चंद्रपूरच्या महाविद्यालयांच्या संगणक विभागांनी महिन्यातून एकदा त्या वह्या गोळा कराव्यात, विद्यार्थ्यांनी त्यातला एकेक दोष नीट मांडून मिंटच्या, उबुंटूच्या, ग्नोमच्या लोकांपर्यंत पोचवावा, जमेल तो स्वतः दुरुस्त करावा, आणि काय झालं ते लिहिणाऱ्याला परत येऊन सांगावं. प्राध्यापकांनो, तुमच्या पोरांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय मिळत नाहीत अशी तुमची ओरड असते. विषय कोरचीत पडले आहेत. तेंदूचा हंगाम मे महिन्यात आहे, त्याच्या आत या.