विश्लेषण : फोडणीचे ऑलिव्ह तेल खरोखर 'ऑलिव्ह तेल' असते का?
'भारतीय स्वयंपाकासाठी' म्हणून विकले जाणारे स्वस्त ऑलिव्ह तेल अनेकदा 'पोमेस' असते. फळांतून तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून ते रासायनिक द्रावकाने मिळवतात, रिफाइन करतात आणि त्यात थोडे व्हर्जिन तेल मिसळतात. माद्रिदस्थित आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या मानकानुसार त्याला नुसते 'ऑलिव्ह तेल' म्हणता येत नाही.

मग फायदा काय? ज्या पॉलिफेनॉल्सचा गवगवा होतो, ती मुख्यतः एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये असतात. रिफाइन करताना बहुतांश निघून जातात. एक्स्ट्रा व्हर्जिन मध्यम आचेवरच्या फोडणीला चालते, पण महाग पडते. पोमेसमध्ये हृदयाला हितकर मोनोअनसॅच्युरेटेड मेदाम्ले भरपूर असतात. मात्र थोड्या कमी प्रमाणात ती आपल्या शेंगदाणा तेलातही मिळतात. म्हणून जास्तीचे पैसे मोजण्यापूर्वी बाटलीमागची बारीक अक्षरे वाचा.