पोरांना धिंगाणा घालायला एक हॉल हवा

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याच्या बँडचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी रद्द झाला. चार पोरं, सगळी अकरावी-बारावीची. तीन महिने एका मित्राच्या बंद गाळ्यात शटर खाली ओढून प्रॅक्टिस केलेली. हॉलचं भाडं भरलेलं, पावती हातात. पण कुणीतरी त्यांचा व्हिडिओ व्यवस्थापकांना दाखवला आणि फोन आला, "तुम्ही ऑर्केस्ट्रा म्हणालात, ही तर किंचाळी आहे." पैसे परत दिले, तेवढं मात्र खरं. हॉलचं नाव लिहीत नाही. दुसरा हॉल असता तरी उत्तर हेच आलं असतं.

पोरगा काही बोलला नाही, गिटार कपाटावर ठेवून दिली. वहिनी म्हणाली, "बरंच झालं, आता अभ्यास तरी करेल." मला मात्र रात्री झोप लागेना. कारण ती किंचाळी माझ्याच कॅसेटांतून त्याच्यापर्यंत गेली आहे.

पोस्ट मोठी आहे. ज्यांना हे संगीत म्हणजे नुसता कलकलाट वाटतो, त्यांनीच शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

१९९५ च्या आसपास कल्याणच्या एका मित्राने मला कॉपी केलेली कॅसेट दिली होती. एका बाजूला डी.आर.आय., दुसऱ्या बाजूला सुइसायडल टेंडन्सीज. पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं टेपरेकॉर्डरच बिघडलाय, कॅसेट जास्त वेगात फिरतेय. एक गाणं सुरू होतंय तोवर संपतंय! चौथ्या-पाचव्या वेळी त्यातली घडी कळली, आणि मग सुटलं नाही.

या डी.आर.आय.ची गोष्ट ऐका. १९८२, अमेरिकेतलं ह्यूस्टन. काही पोरं घरात प्रॅक्टिस करतायत. गायक कर्ट ब्रेख्त आणि ड्रम वाजवणारा त्याचा भाऊ. आवाजाने वैतागलेले वडील येऊन शिव्या घालायचे, आपल्या भाषेत सांगायचं तर "नालायक कार्टी" या चालीवर. पोरांनी तीच शिवी बँडचं नाव म्हणून घेतली. १९८३ मध्ये पहिली रेकॉर्ड काढली, त्यात बावीस गाणी, आणि सगळी मिळून जेमतेम अठरा मिनिटं. मग सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि सुरुवातीला गाडीतच राहिले.

तेव्हा तिकडे दोन टोळ्या होत्या. एक हार्डकोर पंकवाले. डोकी भादरलेली, गाणी एक-दीड मिनिटाची, विषय सरकार, पोलीस, युद्ध आणि घरातली घुसमट. दुसरे मेटलवाले. लांब केस, लांब गिटार-सोलो, वाजवण्यात मास्टरकी. पंकवाले म्हणायचे मेटल म्हणजे नुसता देखावा. मेटलवाले म्हणायचे यांना वाद्य धरता तरी येतं का. एकमेकांच्या कार्यक्रमात गेलं की मारामारी ठरलेली.

१९८४-८५ पासून हे दोन प्रवाह एकमेकांत शिरायला लागले. पंकचा वेग आणि राग, मेटलचे जड, कापल्यासारखे तुटक रिफ. सुसाट धावणारं गाणं मध्येच एकदम संथ होतं, सगळा जमाव त्या ठेक्यावर हलतो, आणि पुन्हा सुसाट. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात कोरोजन ऑफ कन्फॉर्मिटी, न्यूयॉर्कमध्ये अग्नॉस्टिक फ्रंट आणि क्रो-मॅग्ज, लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात सुइसायडल टेंडन्सीज. १९८७ मध्ये डी.आर.आय.ने आपल्या अल्बमचं नावच 'क्रॉसओव्हर' ठेवलं, आणि या सगळ्या प्रकाराला तेच नाव चिकटलं. जुन्या पंकवाल्यांनी त्यांना गद्दार ठरवलं, ते ओघाने आलंच.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथचा 'स्कम' आला. अठ्ठावीस गाणी. त्यातलं एक १.३१६ सेकंदांचं, जगातलं सर्वांत छोटं गाणं म्हणून गिनीज बुकात नोंदलेलं. लोक त्या गाण्याला हसतात, मीही हसतो. पण त्याच अल्बमचं पहिलं गाणं बहुराष्ट्रीय कंपन्यांवर आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

पुढे हे पाणी कुठे कुठे गेलं ते बघा. स्लेअरने १९९६ मध्ये जवळजवळ अख्खा अल्बम जुन्या पंक गाण्यांचा केला, त्यात डी.आर.आय.चं गाणंही घेतलं. मेटॅलिकाने १९९८ मध्ये डिस्चार्ज या ब्रिटिश पंक बँडची दोन गाणी वाजवली. सुइसायडल टेंडन्सीजचा बास वाजवणारा रॉबर्ट त्रुहियो २००३ पासून मेटॅलिकात आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत रातोस दे पोराओ हा बँड लष्करी हुकूमशाही चालू असताना, १९८१ मध्ये उभा राहिला आणि पुढे याच रस्त्याला लागला. आपल्या मुंबईत स्क्राइबने हार्डकोर वाजवत २०१४ च्या अल्बमला 'हेल मोगॅम्बो' असं नाव दिलं.

पण या संगीताचा वारसा सांगताना लोक बहुतेक वेगाचाच सांगतात. कोण किती फास्ट, कुणाचा ड्रमर किती जबरदस्त. मला वाटतं यातून शिकण्यासारखी मोठी गोष्ट वेगळी आहे. एकमेकांची डोकी फोडणारी पोरं एका फ्लोअरवर आली कशी? त्यांना कुणी प्रवचन दिलं नव्हतं. त्यांना स्वस्तातली एक जागा मिळाली, आणि त्या जागेचे नियम त्यांनी स्वतः केले.

न्यूयॉर्कच्या बावरी भागात सीबीजीबी नावाचा छोटासा क्लब होता. तिथे रविवारी दुपारी हार्डकोरचे मॅटिनी शो लागायचे. दुपारी का, तर अठरा वर्षांखालच्या पोरांनाही येता यावं आणि रात्री वेळेत घरी जाता यावं म्हणून. आता कुणी म्हणेल, अहो पण क्लब म्हणजे दारू आलीच. त्यावरही तोडगा निघालेला होता. १९८० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या पोरांनी क्लबवाल्यांना सांगितलं, आमच्या हाताच्या पंजावर काळी फुली मारा, फुलीवाल्याला दारू देऊ नका, पण गाणं ऐकू द्या. पुढे ती फुली दारू-सिगारेटला हात न लावणाऱ्या पोरांची अभिमानाची खूण झाली. विचार करा, 'वाया गेलेली' म्हणून हिणवलेल्या पोरांनी निर्व्यसनीपणाची फॅशन आणली!

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं. ९२४ गिलमन स्ट्रीट, एका साध्या गोदामवजा इमारतीतली जागा. ३१ डिसेंबर १९८६ ला पहिला कार्यक्रम झाला. वर्षाला दोन डॉलर वर्गणी, सभासदांची बैठक, कामं स्वयंसेवक करणार. दारावर नियम रंगवलेले: दारू नाही, ड्रग्ज नाही, मारामारी नाही, वर्णद्वेष नाही, बायकांचा किंवा समलिंगींचा अपमान नाही. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडलाही तिथे वाजवता यायचं नाही. ग्रीन डे तिथेच वाढला आणि करार झाल्यावर त्याच्यासाठीही दार बंद झालं. हा नियम जरा अतिच, असं मला वाटतं. पण नियम सगळ्यांना सारखा होता, आणि जागा आजही चालू आहे.

आणि तो 'पिट', म्हणजे स्टेजसमोर पोरं एकमेकांवर आदळतात तो प्रकार. बघणाऱ्याला दंगल वाटते. पण त्यातला पहिला अलिखित नियम असा की कुणी खाली पडला तर आजूबाजूच्यांनी ताबडतोब उचलायचा. आपल्याकडे सकाळच्या ८:१२ च्या लोकलमध्ये कुणी घसरला तर चार हात येतात ना, अगदी तसं. बाहेरून धक्काबुक्की, आत सांभाळून घेणं.

हे सगळं गोडगोड होतं असं मी म्हणणार नाही. सीबीजीबीत मारामाऱ्या इतक्या वाढल्या की ते मॅटिनी बंद करायची वेळ आली. नाझी चिन्हं मिरवणारे टोळभैरव या कार्यक्रमांत घुसले होते. डेड केनेडीजने १९८१ मध्येच त्यांना सरळ चालते व्हा सांगणारं गाणं काढलं. नेपाम डेथने तेच गाणं १९९३ मध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं, म्हणजे बारा वर्षांनीही गरज संपलेली नव्हती. त्याच डेड केनेडीजच्या गायकाला, जेलो बियाफ्राला, १९९४ मध्ये गिलमनमध्येच 'विकला गेलास' म्हणत मारहाण झाली. आपल्याच लोकांकडून.

आणि एक काटा माझ्या स्वतःच्या पायातला. १९८५ मध्ये एस.ओ.डी. या बँडने तीन दिवसांत एक अल्बम रेकॉर्ड केला. क्रॉसओव्हरच्या कुठल्याही यादीत तो वरच असतो. त्याच्या नावाचा अर्थ, 'इंग्रजी बोला नाहीतर मरा'. करणाऱ्यांचं म्हणणं, गंमत होती. विसाव्या वर्षी मलाही गंमतच वाटली, रिफ इतके भारी की शब्दांकडे कोण बघतो! मग माझ्या मावसभावाला न्यू जर्सीत दुकानाच्या रांगेत फोनवर मराठी बोलताना कुणीतरी असंच काहीतरी सुनावलं. त्याने हा अल्बम ऐकलेला नव्हता, सुनावणाऱ्यानेही बहुधा नसेल. तेव्हापासून तो अल्बम लावला की हात बटणापाशी घुटमळतो. रिफ अजून आवडतात, नाव सहन होत नाही. भाषेवरून माणसाला धमकावण्यात गंमत नसते, तिकडे नाही आणि आपल्याकडेही नाही.

तर वारशात हेही येतं. पण एक फरक लक्षात घ्या. जिथे पोरांची स्वतःची बैठक होती, नियम होते, दारावर कुणीतरी उभं होतं, तिथे या गोष्टींशी भांडता आलं. जिथे जागाच नव्हती, तिथे भांडण रस्त्यावर गेलं. सुइसायडल टेंडन्सीजला तर गुन्हेगारी टोळी समजून कित्येक वर्षं लॉस एंजेलिसमध्ये कार्यक्रमच करता येत नव्हते. त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं कशावर आहे माहितीये? ज्या मुलाचं म्हणणं घरात कुणी ऐकूनच घेत नाही, उलट त्यालाच वेडा ठरवतात, अशा मुलावर.

आता इकडे या. आपल्याकडेही अशी जागा होती. धोबी तलावचं रंगभवन. मुंबईत १९८६ ला सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकच्या आठवणी आमच्या पिढीला तिथल्याच. शाळा, कॉलेज, हॉस्पिटल, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, आणि रंगभवन त्या नियमात सापडलं. उघड्यावरचं थिएटर ते, संगीत थांबलं. मी त्या नियमाच्या विरोधात नाही. हॉस्पिटलात माझीही माणसं झोपलेली असतात.

पण त्याच ध्वनिप्रदूषण नियमावलीत, २००० सालच्या, सरकारला वर्षातले पंधरा दिवस सणासमारंभांसाठी रात्री दहाऐवजी बारापर्यंत लाऊडस्पीकरची सूट देता येते. म्हणजे सामूहिक आवाजाची गरज सरकारला कळते. गणपतीत मीही नाचतो, माझी तक्रार नाचाबद्दल नाही. माझं म्हणणं एवढंच, की उत्सवाच्या आवाजासाठी जर वाट काढता येते, तर बंद हॉलमध्ये दुपारी वाजवणाऱ्या सोळा वर्षांच्या पोरांसाठी का नाही? त्यांच्या मागे मंडळ नाही, बॅनर नाही आणि मतदानाचं वय नाही, म्हणून?

सीबीजीबी २००६ मध्ये भाड्याच्या वादात बंद झालं आणि तिथे महागड्या कपड्यांचं दुकान आलं. आपल्याकडे तर आधी गाळा भाड्याने जातो, मग पोरं मॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात, आणि मग आपणच म्हणतो ही पिढी मोबाइलमधून डोकं वर काढत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या प्रभागात पालिकेचा एक हॉल आहे. रविवारी दुपारी तो बहुतेक रिकामाच असतो. महिन्यातला एक रविवार, तीन ते सात, पोरांना द्या. तिकीट पन्नास रुपये. दारू-सिगारेट नाही. आवाज मोजायचं यंत्र दारात ठेवा. नियम पोरांनाच लिहायला सांगा आणि दारावर रंगवायला लावा. सुरुवातीला दोन पालक दारात उभे राहतील, त्यातला एक मी. काही गडबड झाली तर बंद करा, मी स्वतः चावी आणून देईन.

हा अर्ज येत्या सोमवारी मी प्रभाग कार्यालयात देतोय. सह्या हव्या आहेत. हे संगीत आवडत नसलं तरी चालेल, उलट न आवडणाऱ्यांची सही जास्त कामाची. शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे, चहा मिळेल.

पुतण्याला अजून सांगितलेलं नाही. काल त्याने गिटार कपाटावरून खाली काढली, तारा सैल झाल्यात म्हणाला. बसून त्याच लावत होता.