तपासणी फक्त सुनेचीच का?

मैत्रिणींनो, मूल होत नाही म्हटलं की आजही आधी सुनेलाच दवाखान्यात नेतात. उपासतापास, नवस, सोनोग्राफी, सगळं तिच्याच वाट्याला! मंडळाच्या कामात मी हे नेहमी बघते. मुलगा कसली इंजेक्शनं घेतोय का, हे मात्र कुणी विचारत नाही.

थकवा येतो, उत्साह वाटत नाही म्हणून काही पुरुष टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. कुणी डॉक्टरांच्या सल्ल्याने, तर कुणी जिममधल्या मित्राच्या. हे हार्मोन खरोखरच कमी असेल तर औषधाचा फायदा होतो, त्यात लाजायचं काय? पण ते कमी आहे हे ठरवायला लक्षणं हवीत, आणि वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी केलेल्या २ रक्ततपासण्याही. लठ्ठपणा आणि मधुमेहानेही ते कमी होतं. इंजेक्शन सुरू केल्यावरही रक्त घट्ट होत नाही ना, प्रोस्टेट ठीक आहे ना, हे तपासत राहावं लागतं.

आणि मुख्य गोष्ट! बाहेरून हार्मोन मिळू लागलं की मेंदू अंडकोषांना काम करायला सांगायचंच थांबवतो. शुक्रजंतू कमी होतात, कधी तर अजिबात बनत नाहीत. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण कित्येक महिने लागतात. म्हणून मूल हवं असेल तर आधी तसं डॉक्टरांना सांगावं. त्यांच्याकडे दुसरे उपाय असतात.

माझं म्हणणं एवढंच, की पहिल्याच दिवशी दोघांचीही तपासणी व्हावी. वीर्यतपासणी सोपी असते. सासूबाईंनीच मुलाला तसं ठणकावून सांगितलं, तर सुनेचे किती नवस वाचतील!